क्युबाची टकली अळंबी : उगम, प्रवास आणि परिणाम

१९६२ सालच्या शरद ऋतूतली गोष्ट. मेक्सिकोतल्या वाहाका राज्याच्या डोंगरांत वाउत्ला दे हिमेनेस नावाचं गाव आहे. तिथल्या मारिया साबिना या मझातेक जमातीच्या वैदूबाईंसमोर आल्बर्ट हॉफमन या स्विस रसायनशास्त्रज्ञाने काही गोळ्या ठेवल्या. ज्या अळंबीच्या आधाराने साबिनाबाई आजाऱ्यांचं दुखणं शोधत, तिच्यातला घटक हॉफमन यांनी चार वर्षांपूर्वी वेगळा काढला होता आणि प्रयोगशाळेत घडवलाही होता. तोच आता गोळीत भरून आला होता. अळंबीचा हंगाम सरल्यामुळे त्या रात्रीच्या विधीत गोळ्याच वाटल्या गेल्या. बराच वेळ काही जाणवेना, तेव्हा मंडळी साशंक झाली. मग परिणाम चढला आणि विधी पहाटेपर्यंत चालला. निरोप घेताना बाईंनी निकाल दिला : गोळीत आणि अळंबीत फरक नाही, अळंबीची शक्ती गोळीतही आहे. हंगाम नसतानाही आता आपल्याला लोकांच्या उपयोगी पडता येईल, याचा त्यांना आनंद झाला.

या प्रसंगाचा अर्थ पुढे अनेकांनी असा लावला की सगळी करामत रेणूची, अळंबी हे नुसतं वेष्टन. पण त्या रात्री गोळ्या एकट्या नव्हत्या. अंधार होता, रात्रभर चाललेलं गायन होतं, दुखणं घेऊन आलेली माणसं होती आणि आयुष्यभर हेच काम करत आलेली एक बाई होती. ही सगळी चौकट तशीच ठेवून फक्त अळंबीच्या जागी गोळी आली होती. चौकट काढून घेतली तर काय होतं, हे त्या रात्री कुणी तपासलं नव्हतं. पुढच्या साठ वर्षांत मात्र जगाने तेच तपासलं, कधी ठरवून आणि बऱ्याचदा नकळत.

भ्रमकारी अळंब्यांपैकी दूरवर पसरलेली आणि सगळ्यात जास्त लागवड होणारी जात म्हणजे सायलोसायबी क्युबेन्सिस. तिच्याविषयी आज एकीकडे चमत्काराची भाषा आहे, दुसरीकडे सरसकट भीतीची. ती आली कुठून, शरीरात आणि मनात करते काय, आणि आजवरच्या पुराव्याचं वजन किती, याचा हा आढावा.

नाव, रूप आणि गोतावळा

सायलोसायबी हे नाव ग्रीक भाषेतलं. त्याचा अर्थ टकलं डोकं. छत्रीवरची पातळ साल सोलली की खाली गुळगुळीत टोपी दिसते, त्यावरून हे नाव पडलं. क्युबेन्सिस म्हणजे क्युबाची. फ्रँकलिन समनर अर्ल हे अमेरिकी कवकशास्त्रज्ञ क्युबातल्या एका कृषी केंद्रात काम करत होते. १९०६ साली त्यांनी या अळंबीचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं आणि तिला स्ट्रोफारिया क्युबेन्सिस असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी नार्सिस पातुयार या फ्रेंच अभ्यासकाने उत्तर व्हिएतनाममधल्या टोंकिन भागातून आलेल्या अळंबीचं वर्णन वेगळ्या नावाने छापलं. १९४१ मध्ये विल्यम मरिल यांनी फ्लोरिडातल्या अळंबीला तिसरं नाव दिलं. या तिन्ही नावांची अळंबी एकच, हे नंतर उलगडलं. १९४९ मध्ये रोल्फ सिंगर यांनी तिला सायलोसायबी या प्रजातीत आणून बसवलं. तीन दूरदूरच्या मुलखांत तीन माणसांना ती स्वतंत्रपणे सापडली, यावरूनच तिचा पसारा लक्षात यावा.

दिसायला ती सोनेरी-तपकिरी टोपीची असते. देठावर पातळ कडं असतं, बीजाणू जांभळट काळे असतात. उष्ण, दमट प्रदेशात गुरांच्या, घोड्यांच्या, म्हशींच्या, हत्तींच्या शेणावर ती उगवते. दाबली किंवा मोडली की निळी पडते, कारण तिच्यातला सायलोसिन हा रेणू हवेशी संयोग पावून निळी रंगद्रव्यं तयार होतात. केवळ निळेपणावरून अळंबी ओळखायला जाणं मात्र धोक्याचं आहे. त्याकडे पुढे येऊ.

या अळंबीत सायलोसायबिन आणि थोडं सायलोसिन असतं. कोरड्या वजनाच्या साधारण अर्धा ते एक टक्का असं सायलोसायबिनचं प्रमाण सांगितलं जातं, पण या सरासरीवर विसंबता येत नाही. जेरेमी बिगवुड आणि मायकेल ब्यूग यांनी १९८२ मध्ये केलेल्या मोजणीत एकाच प्रकारच्या लागवडीतही हे प्रमाण चौपटीपर्यंत बदलत होतं. बाहेरून मिळवलेल्या नमुन्यांत तर फरक दहापटीपर्यंत गेला. दिसायला सारख्या दोन अळंब्यांचा परिणाम सारखा असेलच असं नाही.

गुरांबरोबर आली की आधीच होती?

उगमाचा प्रश्न इथे गमतीदार वळण घेतो. क्युबेन्सिस शेणावर जगते. अमेरिका खंडात पाळीव गुरं नव्हतीच. ती १४९३ साली कोलंबसच्या दुसऱ्या सफरीत कॅरिबियन बेटांवर उतरली आणि तिथून मुख्य भूमीवर गेली. मग क्युबाचं नाव लावणारी ही अळंबी मुळात अमेरिकेची तरी आहे का? तिचे बीजाणू गुरांच्या पोटातून, चाऱ्यातून जुन्या जगाकडून नव्या जगात गेले असावेत, असा तर्क बरीच वर्षं मांडला जातो.

अलीकडे या तर्काला जनुकांची जोड मिळाली. झिम्बाब्वे आणि दक्षिण आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात उगवणारी एक अळंबी आजवर क्युबेन्सिसच समजली जाई. तपासणीत ती वेगळी ठरली आणि तिला सायलोसायबी ऑक्रेसिओसेंट्राटा असं नाव मिळालं. या दोन बहिणींची वाट साधारण १५ लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे माणसाने गाय पाळण्याच्या कितीतरी आधी. क्युबेन्सिसची नाळ चरणाऱ्या जनावरांशी आहे खरी, पण गोठ्यातल्या गुरांच्या आधीपासून ती रानातल्या कळपांमागे हिंडत असणार. पाळीव गुरांनी तिला जन्म दिला नाही, वाहन पुरवलं.

त्याहून मागे गेलं तर सायलोसायबी ही प्रजातीच साडेसहा कोटी वर्षांच्या आगेमागे उगम पावली, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासाने मांडलं. डायनासोर संपले, तो हा काळ. तिचे पूर्वज कुजक्या लाकडावर वाढत होते, शेणावरचं बिऱ्हाड नंतरचं. सायलोसायबिन घडवणारी चार मुख्य विकरं डर्क हॉफमायस्टर यांच्या जर्मन गटाने २०१७ मध्ये उलगडून दाखवली. ती घडवणारी जनुकं गुणसूत्रावर शेजारीशेजारी बसलेली असतात. ही जुडीच्या जुडी एका बुरशीकडून दुसऱ्या, दूरच्या बुरशीकडे गेल्याच्या खुणाही सापडल्या आहेत. २०२५ मध्ये तर आणखी नवल कळलं : इनोसायबी नावाच्या वेगळ्या कुळातल्या अळंब्या हाच रेणू पूर्णपणे निराळ्या विकरांनी घडवतात. निसर्गाने एकच वस्तू दोनदा शोधून काढली.

एवढा खटाटोप बुरशी कशासाठी करते? शेण आणि कुजकं लाकूड ही किड्यांची, अळ्यांची, गोगलगायींची गर्दी असलेली ठिकाणं. तेव्हा रेणूचा रोख खाणाऱ्यांकडे असावा, हा सर्वाधिक मांडला जाणारा अंदाज आहे. तो अजून सिद्ध झालेला नाही. माणसाला दिव्य अनुभव देण्यासाठी तो घडला नाही, इतकं मात्र कालगणनाच सांगते.

पवित्र मुलं आणि पाहुणी अळंबी

‘हजारो वर्षांची परंपरा’ हा शब्दप्रयोग आज क्युबेन्सिसच्या प्रत्येक वर्णनात येतो. त्यात अर्धं सत्य आहे. मेक्सिकोत अळंबीचा विधिवत वापर जुना आहे, हे पक्कं. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगुन या फ्रान्सिस्कन साधूने अ‍ॅझ्टेक लोकांच्या मेजवान्यांचं वर्णन करून ठेवलं आहे. लोक मधाबरोबर तेओनानाकात्ल ही अळंबी खात. मग कुणी नाचे, कुणी रडे, कुणाला आपलं मरण दिसे. शुद्धीवर आले की काय दिसलं ते एकमेकांना सांगत. स्पॅनिश धर्मसत्तेच्या लेखी हे सैतानी कृत्य होतं. प्रथा दडपली गेली, डोंगरांतल्या खेड्यांत लपून राहिली. इतकी लपली की १९१५ मध्ये विल्यम सॅफर्ड या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने अशी अळंबी नव्हतीच, साधूंनी वाळलेल्या पेयोटी निवडुंगालाच अळंबी मानलं, असं ठामपणे लिहिलं. १९३८ मध्ये रिचर्ड शुल्टीझ यांनी मझातेक प्रदेशातून नमुने आणले, तेव्हा हा दावा मोडीत निघाला.

पण या परंपरेतल्या मुख्य अळंब्या वेगळ्या होत्या. दरड कोसळलेल्या मातीत उगवणारी सायलोसायबी सेरुलेसेन्स आणि कुरणातली चिमुकली सायलोसायबी मेक्सिकाना, या त्यांतल्या मानाच्या. हॉफमन यांनी ज्यातून रेणू काढला तीही मेक्सिकानाच. शेणावरची क्युबेन्सिस मझातेकांना ठाऊक आहे. तिला ते सान इसिद्रो म्हणतात. सान इसिद्रो हा स्पेनमधला शेतकऱ्यांचा संत. ज्या अळंबीला स्पॅनिश संताचं नाव आहे आणि जी स्पॅनिशांनी आणलेल्या गुरांमागे येते, ती या घरात उशिरा आलेली पाहुणी दिसते, आणि तिचा मानही दुय्यम आहे. बाजारात जिच्या पाकिटावर अ‍ॅझ्टेक चित्रं छापली जातात, तिचा त्या चित्रांशी संबंध इतका पातळ आहे.

मझातेक विधीत अळंबीला ‘पवित्र मुलं’ म्हणतात. ती करमणुकीसाठी किंवा देव दिसावा म्हणून घेत नसत. घेण्याचं कारण आजारपण : कुणाचं मूल तापाने फणफणलंय, कुणाचा माणूस परतला नाही. बहुधा रात्रीच्या अंधारात, पथ्यं पाळून, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. प्रश्न ठरलेला असे आणि उत्तर ऐकणारा वैदू ओळखीचा असे.

लाइफ मासिकापासून हार्वर्डपर्यंत

ही चौकट बाहेरच्या जगासाठी उघडली गेली २९ जून १९५५ च्या रात्री. न्यूयॉर्कच्या जे. पी. मॉर्गन बँकेचे उपाध्यक्ष आणि हौशी कवक-अभ्यासक गॉर्डन वॅसन यांना साबिनाबाईंनी आपल्या विधीत बसू दिलं. वॅसन यांनी मुलाची खुशाली कळावी, हे कारण पुढे केलं होतं. १३ मे १९५७ च्या ‘लाइफ’ मासिकात त्यांचा सचित्र लेख आला. बाईंचं आणि गावाचं नाव बदललेलं होतं, पण ‘मॅजिक मशरूम’ हा शब्द या लेखाच्या मथळ्यातून जगभर गेला आणि गाव लपून राहिलं नाही.

साठच्या दशकात वाउत्लात परदेशी तरुणांची रीघ लागली. पोलीस आले. गावकऱ्यांचा रोष साबिनाबाईंवर वळला, त्यांचं घर जाळलं गेलं. परके आल्यापासून पवित्र मुलांची ताकद ओसरली, अशी खंत त्यांनी उतारवयात व्यक्त केली. १९८५ मध्ये त्या गरिबीतच वारल्या. त्यांच्याकडून मिळालेल्या ज्ञानावर पुढे पेटंटं उभी राहिली. त्यांच्या गावाच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही.

तिकडे हॉफमन जिथे काम करत त्या सँडोझ कंपनीने त्यांचा रेणू ‘इंडोसायबिन’ नावाने संशोधकांना पुरवायला सुरुवात केली. १९६० मध्ये टिमोथी लिअरी यांनी मेक्सिकोत अळंबी खाल्ली आणि परतल्यावर हार्वर्डमध्ये सायलोसायबिनचा प्रकल्प सुरू केला. त्याच वर्तुळातून १९६२ च्या गुड फ्रायडेला बोस्टनच्या मार्श चॅपेलमध्ये तो गाजलेला प्रयोग झाला. वॉल्टर पँकी यांनी धर्मशास्त्राच्या २० विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना सायलोसायबिन दिलं आणि निम्म्यांना चेहरा लालबुंद करणारं निकोटिनिक आम्ल. रेणू मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी गूढ धार्मिक अनुभव सांगितला. पाव शतकानंतर रिक डॉब्लिन यांनी या मंडळींना शोधून काढलं. अनुभवाचा ठसा टिकून होता, पण एक गोष्ट मूळ अहवालात नव्हती : एका विद्यार्थ्याची अवस्था इतकी बिघडली होती की त्याला शामक इंजेक्शन द्यावं लागलं होतं. उत्साहाच्या भरात वाईट निकाल गाळण्याची खोड या क्षेत्राला तेव्हापासून आहे.

मझातेकांनी आजाराविषयी विचारलं होतं. चॅपेलमध्ये देवाविषयी विचारलं गेलं आणि देवाच्याच भाषेत उत्तर मिळालं. लिअरींनी ज्याला मनाची तयारी आणि भोवतालची जागा म्हटलं, ते हेच. पुढे हे शब्द रूढ झाले, पण तयारी मात्र रस्त्यावर पोचली नाही. १९७० च्या अमेरिकी कायद्याने आणि १९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारनाम्याने सायलोसायबिन सर्वांत कडक यादीत गेलं. संशोधन जवळजवळ तीस वर्षं गोठलं.

‘गोल्डन टीचर’ आणि हापूस-पायरी

प्रयोगशाळांना कुलूप लागलं आणि लागवड घराघरांत शिरली. १९७६ मध्ये टेरेन्स आणि डेनिस मॅकेना या भावांनी टोपणनावाने लागवडीचं पुस्तक काढलं. क्युबेन्सिस इतर भावंडांपेक्षा चिवट आणि भरघोस येणारी, म्हणून घरगुती उत्पादनाची तीच मानकरी ठरली. तिची आजची कीर्ती पवित्रतेतून आलेली नाही, सोयीतून आली आहे.

यातूनच ‘गोल्डन टीचर’सारखी शेकडो नावं बाजारात आली. प्रत्येकाचा म्हणे निराळा स्वभाव : एक ज्ञान देणारी, एक हसवणारी, एक खोल नेणारी. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत या जाती नव्हेत. एकाच जातीचे ते लागवडीतले वाण आहेत, जसे हापूस आणि पायरी दोन्ही आंबेच. पण हापूसची चव डोळे मिटून ओळखता येते. क्युबेन्सिसच्या वाणांचे वेगवेगळे ‘स्वभाव’ नियंत्रित चाचणीत कुणी दाखवून दिलेले नाहीत. काही वाणांत सायलोसायबिन जास्त असतं, एवढा फरक खरा. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तिथल्या कुरणांतल्या ३८ आणि बाजारातल्या ८६ नमुन्यांचे जनुकसंच तपासले. कुरणातल्या अळंबीत वैविध्य टिकून होतं. लागवडीतल्या वाणांत ते झिजलेलं होतं, काही तर वारंवार सगोत्र संकर झाल्यासारखे. म्हणजे दुकानातली पाटी जितकी रंगीबेरंगी, तितकं आतलं बियाणं एकसुरी.

शरीरात गेल्यावर

सायलोसायबिन स्वतः फारसं काही करत नाही. पोटात आणि यकृतात त्यातला फॉस्फेटचा तुकडा निघून जातो आणि उरतो सायलोसिन. त्याची ठेवण मेंदूतल्या सेरोटोनिनशी मिळतीजुळती. त्यामुळे सेरोटोनिनच्या २ए नावाच्या ग्राहींवर तो जाऊन बसतो. झुरिकमध्ये फ्रान्झ फोलेनवायडर यांच्या गटाने १९९८ मध्ये हे ग्राही आधीच केटान्सेरिन या औषधाने अडवून पाहिले, तर भ्रम झालेच नाहीत. किल्ली कुठल्या कुलपात जाते, हे त्यामुळे नक्की झालं.

परिणाम अर्ध्यापाऊण तासात सुरू होतो, दीड-दोन तासांत शिगेला पोचतो आणि चार ते सहा तासांत ओसरतो. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, रक्तदाब आणि नाडी चढते, मळमळतं. रंग गडद होतात, मिटल्या डोळ्यांपुढे नक्षी हलते, काळ ताणला जातो. जुन्या आठवणी, दुःख, भीती, कृतज्ञता असं काहीही उसळून येऊ शकतं. मोठ्या मात्रेत ‘मी’ आणि बाकी जग यांच्यातली सीमारेषाच पुसली जाते. कुणाला ही मुक्ती वाटते, कुणाला मरण.

या वेळी मेंदू जास्त पेटतो, अशी समजूत होती. लंडनच्या रॉबिन कारहार्ट-हॅरिस यांच्या २०१२ च्या अभ्यासात उलट दिसलं : स्वतःविषयीच्या विचारांशी निगडित केंद्रांमधली हालचाल मंदावते. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात सात जणांच्या मेंदूची पुन्हापुन्हा छायाचित्रं घेतली गेली. एरवी एका ठेक्यात चालणारी जाळी रेणूच्या अमलाखाली विस्कळीत झाली, त्यातही हीच ‘मी’पणाची जाळी सर्वाधिक. काही बदल आठवड्यांनंतरही शिल्लक होते. साचलेल्या, त्याच त्या विचारचक्रात अडकलेल्या मनाला ही विस्कट उपयोगी पडत असावी, हा सध्याच्या उपचारांमागचा तर्क आहे.

चाचण्यांनी काय दाखवलं?

संशोधनाचं दार पुन्हा किलकिलं झालं ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. २००६ मध्ये रोलंड ग्रिफिथ्स यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांवरचा अभ्यास छापला. दोन तृतीयांश लोकांनी हा अनुभव आयुष्यातल्या पाच सर्वांत अर्थपूर्ण गोष्टींत बसवला. त्याच अभ्यासात जवळपास तिसऱ्या हिश्शाच्या लोकांना तीव्र भीतीही वाटली होती. पहिला आकडा सगळीकडे छापला जातो, दुसरा क्वचित.

२०१६ मध्ये हॉपकिन्सने ५१ आणि न्यूयॉर्क विद्यापीठाने २९ कर्करुग्णांना, मरणाच्या सावलीतल्या चिंतेवर, हा उपचार देऊन पाहिला. बहुतेकांना दिलासा मिळाला आणि तो काही महिने टिकला. मग आल्या नैराश्यावरच्या मोठ्या चाचण्या. २०२१ मध्ये सायलोसायबिनची तुलना एसिटालोप्रॅम या रोजच्या औषधाशी केली गेली. रुग्ण ५९. ठरवलेल्या मुख्य मोजपट्टीवर दोघांत लक्षणीय फरक निघाला नाही. २०२२ मध्ये औषधांना दाद न देणारं नैराश्य असलेल्या २३३ जणांना २५, १० किंवा १ मिलिग्रॅमची एकच मात्रा दिली. तीन आठवड्यांनी २५ मिलिग्रॅमच्या गटाचे नैराश्याच्या मोजपट्टीवरचे गुण सरासरी १२ ने उतरले, १ मिलिग्रॅमच्या गटाचे ५.४ ने. बारा आठवडे सुधारणा टिकून राहिलेले वरच्या मात्रेतले फक्त पाचातले एक.

२०२५ मध्ये तिसऱ्या टप्प्यातल्या पहिल्या चाचणीचे आकडे जाहीर झाले. २५८ रुग्ण, सहा आठवड्यांनी प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीच्या, तुलनेत ३.६ गुणांची आघाडी. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ही आघाडी खरी, पण आधीच्या चाचणीपेक्षा आखूड. लहान चाचण्यांत जे दैदीप्यमान दिसतं ते मोठ्या चाचण्यांत साधं होत जातं, हा वैद्यकाचा जुना अनुभव इथेही आला. त्यात आणखी एक अडचण आहे. साखरेची गोळी मिळाली की खरी, हे रुग्णाला तासाभरात कळतं. त्यामुळे अपेक्षेचा आणि अपेक्षाभंगाचा वाटा वेगळा काढता येत नाही. कणभर मात्रा नियमित घेऊन बुद्धी तल्लख होते, हा दावा तर २०२१ च्या १९१ जणांच्या अभ्यासात फिका पडला : प्लासिबो घेणाऱ्यांनाही तेवढंच बरं वाटलं.

उपचाराच्या या चाचण्यांत रेणू एकटा कधीच दिला गेलेला नाही. घरात स्किझोफ्रेनिया किंवा द्विध्रुवी विकाराचा इतिहास असलेल्यांना आधीच वगळलं जातं. बैठका घेऊन तयारी करून घेतली जाते. त्या दिवशी शांत खोली, डोळ्यांवर पट्टी, निवडलेलं संगीत आणि शेजारी दिवसभर बसणारे प्रशिक्षित थेरपिस्ट असतात. नंतर पुन्हा बोलणं होतं. साबिनाबाईंची चौकट या मंडळींनी पांढऱ्या डगल्यात परत उभी केली आहे. मोजलेलं यश हे रेणू आणि चौकट या दोघांचं आहे.

धोका कुठे आहे?

विषारीपणाच्या दृष्टीने हा रेणू तुलनेने सौम्य आहे, शारीरिक व्यसन लागल्याचा पुरावा नाही. धोका असतो तो माणसाच्या अवस्थेत. २०१६ च्या एका सर्वेक्षणात वाईट अनुभव आलेल्या सुमारे दोन हजार जणांना विचारलं गेलं. ३९ टक्क्यांनी तो आयुष्यातल्या पाच सर्वांत कठीण प्रसंगांत गणला आणि ११ टक्क्यांनी त्या भरात स्वतःला किंवा इतरांना शारीरिक इजेच्या धोक्यात घातलं होतं. स्किझोफ्रेनिया किंवा द्विध्रुवी विकाराची पार्श्वभूमी असेल तर आजार उफाळून येऊ शकतो. लिथियम घेणाऱ्यांना झटके आल्याच्या नोंदी आहेत. हृदयविकार असलेल्याला वाढता रक्तदाब महागात पडतो. काहींना दृष्टिभ्रम पुढे महिनोन्‌महिने छळतात.

सर्वांत जीवघेणी चूक आधीच होते, तोडताना. गॅलेरिना नावाची तपकिरी छोटी अळंबी हौशी डोळ्याला फसवते आणि तिच्यातलं अ‍ॅमाटॉक्सिन यकृत निकामी करतं. लक्षणं दिसतात तोवर उशीर झालेला असतो. पहिल्या पावसानंतर शेणावर उगवलेल्या ‘कुत्र्याच्या छत्री’ला हात लावू नको, असं आपल्याकडच्या आज्या सांगतात. तो सल्ला कवकशास्त्रालाही मान्य आहे.

सोम, कोडाईकनाल आणि कायदा

भारताशी या अळंबीचं नातं जोडताना दोन गोष्टींची गल्लत होते. पहिली सोमाची. वॅसन यांनी १९६८ मध्ये वैदिक सोम म्हणजे लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली अमानिटा मस्कारिया, असं पुस्तक लिहून मांडलं. तिच्यात सायलोसायबिन नसतं. पुढे टेरेन्स मॅकेना यांनी त्या जागी क्युबेन्सिसला बसवलं. वेदांत सोमाचे देठ कुटणं, लोकरीतून गाळणं, दुधात मिसळणं असं तपशीलवार येतं. त्याला यातली कुठलीच अळंबी धड बसत नाही, आणि बहुतेक अभ्यासकांनी हे मत स्वीकारलेलं नाही. या वादात पुण्याचीही एक नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्यात संस्कृत शिकवणाऱ्या मार्टिन हाउग यांनी दख्खनचे याज्ञिक सोम म्हणून वापरत त्या वेलीचा रस मुद्दाम करवून घेऊन चाखला. काही चमचे घेतले आणि पुढे पिणं अशक्य झालं, इतका तो कडू-तुरट होता. अळंबीविषयी आपल्या ग्रंथांतला सूर तर उलटाच आहे. मनुस्मृती द्विजांना छत्राक निषिद्ध मानते.

दुसरी गोष्ट आजची. क्युबेन्सिस भारतात रानटी उगवते. केरळातल्या कवकशास्त्रज्ञांनी तिची शास्त्रीय नोंद केली आहे. कोडाईकनालच्या परिसरात तर अळंबीच्या शोधात येणाऱ्या पर्यटकांमुळे पोलिसांना वारंवार कारवाई करावी लागते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत सायलोसायबिन आणि सायलोसिन आहेत, अळंबीचं नाव नाही. मग गुन्हा मोजायचा कसा? जानेवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे २२६ ग्रॅम अळंबी आणि ५० ग्रॅम कॅप्सूल बाळगल्याचं प्रकरण आलं. सायलोसायबिनची व्यापारी मात्रा ५० ग्रॅमपासून धरली जाते आणि ती ठरली तर किमान दहा वर्षांची शिक्षा. अळंबी ही निसर्गतः उगवलेली बुरशी आहे, ती मिश्रण नव्हे, तेव्हा तिच्यातला रेणू किती ते पाहावं, असं म्हणत न्यायालयाने जामीन दिला. कर्नाटक आणि मद्रास उच्च न्यायालयांनी आधी अशीच दिशा घेतली होती. पण याचा अर्थ अळंबी कायदेशीर झाली, असा मुळीच नाही. रेणू सापडला की गुन्हा आहेच, वाद फक्त वजनाचा.

बाहेरच्या जगात चित्र बदलतं आहे. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून परवानाधारक मनोविकारतज्ज्ञ हे औषध न हटणाऱ्या नैराश्यात देऊ शकतात. अमेरिकेत ऑरेगॉनने २०२० च्या सार्वमतानंतर देखरेखीखालची केंद्रं उभारली. नेदरलँड्सने मात्र २००८ मध्ये अळंबी बंदच केली. ऑस्ट्रेलिया आणि ऑरेगॉन या मोकळीक दिलेल्या ठिकाणीही माणसाला एकटं सोडून दिलेलं नाही, हे लक्षात घ्यावं.

निष्कर्ष

आजच्या पुराव्यावर एवढं म्हणता येतं. क्युबेन्सिस ही प्राचीन बुरशी आहे, पण माणसाच्या विधींतलं तिचं स्थान मोठं नव्हतं. तिचं नाव झालं ते चिवटपणामुळे. तिच्यातला रेणू मेंदूत नेमकं कुठे बसतो ते कळलं आहे. न हटणाऱ्या नैराश्यात आणि मरणभयात तो मदत करू शकतो. मात्र ती मदत मध्यम आहे, सर्वांना मिळत नाही आणि अनेकांत टिकत नाही. शिवाय हा सगळा पुरावा मोजून दिलेल्या शुद्ध रेणूचा, पारखून घेतलेल्या रुग्णांचा आणि शेजारी बसलेल्या जाणत्या माणसाचा आहे. कोडाईच्या कुरणात तोडलेल्या किंवा ओळखीच्या ओळखीतून मिळालेल्या पुडीला त्यातलं काहीही लागू होत नाही.

ज्यांना नैराश्याने घेरलंय, ज्यांना औषधं लागू पडत नाहीत, त्यांना या बातम्या वाचून मोह होणं स्वाभाविक आहे. त्यांनी अळंबीच्या मागे न जाता आधी मनोविकारतज्ज्ञाकडे जावं. ते जमत नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं.